शहर सुधारले, भाडेकरू कुठे गेला?

अमेरिकेच्या दक्षिण भागात डरहॅम नावाचे शहर आहे. २०२० साली तिथली लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या वर होती.

या शहरात हेटाय नावाची काळ्या लोकांची वस्ती होती. घरे होती, दुकाने होती. १९६० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत सरकारने 'सुधारणा' म्हणून त्यांतली बरीच पाडली. मधून मोठा रस्ता काढला.

१९८७ साली तिथला तंबाखूचा एक मोठा कारखाना बंद पडला. पुढे २००४ साली त्याच इमारतींत कचेऱ्या आणि खाणावळी उघडल्या. शहरात चांगल्या पगाराची माणसे राहायला आली. भाडी चढली.

असे का होते? गिऱ्हाईक वाढले, की बाजारात कांद्याचा भाव चढतो. घराचेही तेच. पण कांदा महागला, तर आपण कमी खातो. घर महागले, म्हणून अर्धे बिऱ्हाड बाहेर ठेवता येतं का? भाडेकरूला गाठोडे बांधून लांब जावे लागते. काम लांब पडते. पोरांची शाळा सुटते.

तिथल्या राज्याच्या कायद्याने शहराला खाजगी घरांचे भाडे ठरवून द्यायची मनाई आहे. तेव्हा लोकांनी दुसरी वाट धरली. २०१९ साली त्यांनी मते देऊन साडेनऊ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्यातून गरिबांना परवडणारी घरे उभी करायची आणि कर्ज सर्वांनी करातून फेडायचे, असे ठरले.

शहर सुधारावे, हे आम्हांलाही पटते. पण पडत्या काळात ज्यांनी शहर सोडले नाही, त्यांना चांगल्या दिवसांत तिथे जागा मिळालीच पाहिजे. नाहीतर ती सुधारणा कुणाची?