भाऊराव कोल्हटकर : रेकॉर्ड न झालेला आवाज

विद्यार्थी मित्रांनो, मोबाईलवर भाऊराव कोल्हटकरांचं गाणं शोधून बघा. त्यांनी गाजवलेली पदं दुसऱ्यांच्या आवाजात सापडतील, त्यांच्या आवाजात एकही सापडणार नाही. तरीही मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास त्यांच्या नावाशिवाय पुरा होत नाही. असं का, ते आज पाहू.

संगीत नाटक म्हणजे काय?
युरोपात ऑपेरा असतो. त्यात बहुतेक सगळं गाऊनच सांगतात. आपल्या संगीत नाटकात गद्य संवाद असतात आणि मध्ये मध्ये पदं येतात. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर होता. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'मध्ये (१८८०) पात्रं स्वतः गाऊ लागली. म्हणजे आता नटाला अभिनय आणि गाणं दोन्ही यायला हवं होतं.

बडोद्याचा 'भावड्या'
अण्णासाहेबांना असा नट बडोद्यात मिळाला. लक्ष्मण बापूजी ऊर्फ भाऊराव कोल्हटकर यांचा जन्म ९ मार्च १८६३ चा. ते कारकुनी करत होते. नोकरी सोडून ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. भाऊराव शकुंतला झाले आणि १८८२ च्या 'संगीत सौभद्र'मध्ये सुभद्रा झाले. तेव्हा माइक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचायचा तो गळ्याच्याच जोरावर. भाऊरावांचा आवाज उंच आणि खणखणीत होता. प्रेक्षक त्यांना लाडाने 'भावड्या' म्हणत.

आपल्या जिल्ह्याशी धागा
वय वाढलं तसे ते पुरुष भूमिकांकडे वळले. १८९६ साली मंडळीने 'वीरतनय' रंगमंचावर आणलं, त्यात ते नायक होते. या नाटकाचे लेखक श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. त्यांनी पुढे आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदला वकिली केली.

थोडक्यात हुकलं
१३ फेब्रुवारी १९०१ ला भाऊराव गेले. वयाची अडतीस वर्षंही पुरी झाली नव्हती. ग्रामोफोन कंपनीचं भारतातलं पहिलं ध्वनिमुद्रण कोलकात्याला झालं १९०२ च्या नोव्हेंबरात. दोन वर्षंसुद्धा नाही! युरोपातली ख्यातनाम ऑपेरा गायिका अ‍ॅडेलिना पॅटी १८४३ ची, भाऊरावांपेक्षा वीस वर्षांनी मोठी. पण ती जगली, १९०५ साली बासष्टाव्या वर्षी तिच्या रेकॉर्ड निघाल्या. म्हणून तिचा थकलेला का होईना, आवाज आज ऐकू येतो.

भाऊरावांचा आवाज मात्र ज्यांनी ऐकला त्यांच्या आठवणींत आणि लिखाणात उरला. त्यांची पदं पुढच्या नटांनी उचलली. १९०५ मध्ये बालगंधर्व त्याच मंडळीत आले आणि शकुंतला झाले. गळा गेला, पण गाणं एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जात राहिलं.

स्वाध्याय
१. भावे आणि किर्लोस्कर यांच्या नाटकांत गाण्याच्या बाबतीत कोणता फरक होता?
२. माइक नसताना गायक-नटाकडे कोणते गुण लागत असतील?
३. उपक्रम : चिखलीत किंवा तुमच्या गावात जात्यावरच्या ओव्या म्हणणारी आजी, भजन म्हणणारे आजोबा असतील. त्यांची परवानगी घेऊन मोबाईलवर रेकॉर्ड करा. नाव, गाव, तारीख वहीत लिहा. हे काम उद्यावर टाकू नका.