सागवानी की मॉड्युलर : सुताराला बोलावण्याआधीचा हिशेब

पुण्यातल्या दोन बेडरूमच्या घराचं फर्निचर करायचं ठरलं, तेव्हा सासूबाईंना झोपाळा हवा होता आणि मुलीला हँडल नसलेली, भिंतीत मिसळून जाणारी कपाटं. आम्ही दोघींचंही ऐकलं. जुनी धाटणी म्हणजे महाग आणि नवी म्हणजे स्वस्त, हा माझा समज त्या चार महिन्यांत गेला. साग घनफुटावर विकला जातो आणि मॉड्युलर काम चौरस फुटावर, त्यामुळे नुसते दर शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

आधी झोपाळ्याची फळी बघू. लांबी ५ फूट, रुंदी २० इंच, जाडी दीड इंच. लांबी फुटात आणि बाकीची दोन मापं इंचांत घेऊन गुणा, १४४ ने भागा : जेमतेम १.०४ घनफूट. साग प्रतीप्रमाणे घनफुटाला साधारण अडीच ते सहा हजारांपर्यंत जातो. ४,००० धरले तर लाकूड ४,१६० रुपयांचं. त्यावर घट, कापणावळ, मजुरी आणि पॉलिश. पितळी कड्या वजनावर मिळतात. भरीव घेतल्या तर लाकडापेक्षा त्यांनाच जास्त पैसे पडतात. हूक कुठे बसवायचे हे मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच ठरवा.

आता कपाट. उंची ७ फूट, रुंदी ६ फूट, म्हणजे समोरून ४२ चौरस फूट. मटेरियलसह दर १,४०० रुपये धरला तर ५८,८०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १०,५८४, एकूण ६९,३८४. तेच कपाट अख्ख्या सागात केलं तर खर्च सहज दुपटीपलीकडे जातो. वरचा लॉफ्ट, आतले ड्रॉवर, सॉफ्ट-क्लोज बिजागऱ्या या दरात धरल्या आहेत का, ते कोटेशनवर लिहून घ्या. आमच्या ड्रॉवरचे पैसे शेवटच्या बिलात वेगळे आले, आणि तोंडी बोलण्याला काही पुरावा नव्हता.

कोटेशनमध्ये नुसतं ‘वॉटरप्रूफ प्लाय’ चालवून घेऊ नका. स्वयंपाकघर आणि बाथरूमलगतच्या भिंतींसाठी आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय मागा; कोरड्या खोल्यांना आयएस ३०३ पुरतो. हा आकडा शीटवरच्या शिक्क्यात असतो. सनमायका चिकटवण्याआधी जाऊन बघा, नंतर सगळं झाकलं जातं. एका नातेवाइकांकडे सिंकखाली पार्टिकल बोर्ड लावला होता. पहिल्याच पावसाळ्यात दाराची खालची कड पावासारखी फुगली आणि बिजागरीचा स्क्रू बोटांनी ओढला तरी निघून आला. सिंकखाली मी तर लाकूडच टाळते. कडप्प्याच्या फळ्या आणि स्टीलच्या ट्रॉल्या तिथे वर्षानुवर्षं टिकतात.

‘सागाचं’ म्हणून दाखवलेलं कपाट पुष्कळदा प्लायवर सागाचा विनीअर लावलेलं असतं. त्यात वाईट काही नाही, दिसायलाही छान दिसतं, पण पैसे भरीव सागाचे देऊ नका. दार उघडून कड बघा : विनीअरच्या कडेला वेगळी पट्टी बसवलेली असते. विनीअरला पॉलिश लागतं आणि त्याचा दर वेगळा असतो, लॅमिनेटला ते लागत नाही.

पेठांमधले वाडे पाडले जातात तेव्हा निघालेला जुना साग मिळाला तर जरूर बघा. तो इतकी वर्षं मुरलेला असतो की सहसा पिळवटत नाही. मात्र खिळ्यांची भोकं आणि किडीचा भुगा तपासा, आणि माप रंधा मारून झाल्यावरचं धरा. वरचा खराब थर निघाला की दोन इंचांची फळी दीड इंचावर येते.

माझं मत विचाराल तर ओटा आणि कपाटं नव्या पद्धतीची करा, झोपाळा, पाट, देवघर सागाचं. घर बदलताना भिंतीला ठोकलेलं कपाट उचलता येत नाही, झोपाळा मात्र कड्या सोडल्या की टेम्पोत चढतो. आणि सुतार असो वा कंपनी, शेवटचे १० टक्के सगळी दारं नीट लागल्यावरच द्या.