घड्याळाला दिसलेली विश्रांती

चेन्नईत धावणाऱ्याने खरं जपायचं असतं ते डिसेंबरात. उन्हाळ्याची धास्ती सगळेच घेतात. मे महिन्यात, अग्निनक्षत्राच्या दिवसांत, पहाटे साडेचारलाही हवा अंगाला चिकटते आणि कुणी शहाणा माणूस वेगाच्या फंदात पडत नाही. माणसं जायबंदी होतात ती थंडीत. इथली थंडी म्हणजे पहाटेचं 21-22 अंश तापमान. माझ्या साताऱ्याच्या माणसांना ऐकूनच हसू येतं. पण त्याच सुमाराला मनगटावरचं घड्याळ एकदम गोड बोलायला लागतं, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली चेन्नई मॅरेथॉन तोंडावर आलेली असते.

त्या गोड बोलण्यामागचं कारण साधं आहे. दमट उकाड्यात घाम वाळत नाही. शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळवावं लागतं, घामावाटे पाणी गेल्याने रक्ताचं आकारमानही घटतं, आणि स्नायूंना पहिल्याइतकंच रक्त पुरवायला हृदयाला जास्त ठोके टाकावे लागतात. इलियट्स बीचच्या रस्त्यावर जी धाव मे महिन्यात मला 160 ठोक्यांच्या वर नेते, तीच त्याच वेगाने डिसेंबरात दीडशेच्या आत होते. घड्याळ वेग आणि नाडी यांची सांगड घालून व्हीओटू मॅक्सचा, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा, अंदाज बांधतं. नाडी उतरली, वेग तोच राहिला, म्हणजे बाईंची तब्येत सुधारली! काही महागडी घड्याळं हवामानाची दुरुस्ती करतात, पण तो अंदाजावर बांधलेला दुसरा अंदाज. सुधारलेलं असतं ते हवामान. आणि नाडीवरून मोजलेला भारही कमी दिसतो, म्हणून घड्याळाचं ॲप सुचवतं की अजून थोडं करायला हरकत नाही.

2023 च्या डिसेंबरात यात आणखी एका गोष्टीची भर पडली. मिचाँग चक्रीवादळ 5 तारखेला आंध्रात बापटलाजवळ किनाऱ्याला लागलं, पण त्याआधी चेन्नईच्या दारात रेंगाळून त्याने शहर बुडवलं. आमचं घर वेळच्चेरीत, पळ्ळिकरणैच्या पाणथळीपासून फार लांब नाही. पाणी पहिलं येतं ते याच भागात. तळमजल्यावर पाणी शिरलं. गाद्या, गॅसचे सिलिंडर, तांदळाचा डबा, शेजारच्या पाट्टी आजींचं शिवणयंत्र, सगळं जिन्याने वर. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून वापरायच्या पाण्याच्या बादल्या हाताने दोन मजले चढवायच्या. रात्री डास, उकाडा आणि पाणी अजून किती पायऱ्या चढलं ते बघायला टॉर्च घेऊन उठणं. खाणं म्हणजे बिस्किटं आणि कुणीतरी वाटलेला लेमन राइस. घड्याळाचं चार्जिंग संपलं तेव्हा मी ते काढून कपाटात ठेवलं.

वीज आली, घड्याळ चार्ज झालं, आणि त्याने मागे वळून पाहिलं तर आठवडा कोरा. ॲपमधल्या आलेखात थकव्याची रेघ तळाला गेलेली, फिटनेसची रेघ किंचितच उतरलेली, आणि दोन्हींतला फरक हिरव्या पट्ट्यात. मी ताजीतवानी होते, असं त्याचं म्हणणं. वेळापत्रकात पुढचा मोठा पल्ला होता 32 किलोमीटरचा. तिरुवान्मियूरहून ईसीआरने (ईस्ट कोस्ट रोडने) उत्तंडीच्या पुढे जाऊन परत यायचं. गार वारा, नाडी दीडशेच्या आत, सगळं छान. परतीच्या वाटेवर डाव्या नडगीच्या आतल्या अंगाला, घोट्याच्या चार बोटं वर, एक जागा ठणकायला लागली. पुढचे काही दिवस घड्याळ रोज सकाळी 'सज्ज' म्हणत राहिलं आणि मी जिना उतरताना कठडा धरत राहिले. एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही. एमआरआयमध्ये दिसलं, स्ट्रेस फ्रॅक्चर. मॅरेथॉनचा बिब अजून पाकिटातच आहे.

साताऱ्याहून आईचा फोन आला. मी तिला सांगत होते की अगं, आधीचा अख्खा आठवडा विश्रांती होती, तरी असं कसं झालं कळत नाही. ती म्हणाली, "घरात पाणी शिरलं होतं ना गं? मग विश्रांती कुठली?"

क्रीडावैद्यक शिकलेल्या माणसानेही याहून नेमकं काही सांगितलं नसतं.

आता या आलेखांविषयी. ते भोंदू नाहीत, पण त्यांचा जन्म कशासाठी झाला ते माहीत असलेलं बरं. 1975 मध्ये एरिक बॅनिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलतरणपटूंच्या सरावाचं एक गणिती प्रारूप मांडलं: प्रत्येक सरावातून दोन गोष्टी निपजतात, क्षमता आणि थकवा. क्षमता सावकाश येते नि सावकाश जाते, थकवा झटकन येतो नि लवकर ओसरतो. त्या दिवशीची कामगिरी म्हणजे या दोन्हींची वजाबाकी. पुढे सायकलस्वारांसाठी अँड्र्यू कॉगन यांनी त्याला सुटसुटीत रूप दिलं. 42 दिवसांची भारित सरासरी म्हणजे फिटनेस, 7 दिवसांची म्हणजे थकवा. आज बहुतेक ॲपांत याच विचाराची कुठली ना कुठली आवृत्ती चालते. यात 'सराव नाही' याचा अर्थ आपोआप 'विश्रांती' असा होतो. ताप येऊन पडलात, घरातल्या कुणाला घेऊन इस्पितळात बसलात, ओएमआरवरच्या (जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या) ऑफिसात अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री जागलात, पुरात बादल्या उचलल्या, तरी आलेख हिरवाच होणार. या वजाबाकीत आयुष्य धरलेलंच नाही.

दुसरा सापळा खंडानंतरच्या आठवड्याचा. समजा तुमचे आठवडे 50 किलोमीटरचे चालले आहेत. दोन आठवडे 50-50, तिसरा शून्य, आणि चौथ्यात तुम्ही वेळापत्रकात लिहिलेले 60 करता. चार आठवड्यांची सरासरी झाली 40. चालू आठवडा तिच्या दीडपट. टिम गॅबेट यांनी 2016 मध्ये हे गुणोत्तर लोकप्रिय केलं. 0.8 ते 1.3 बरं, 1.5 च्या पुढे धोका, असं त्यांनी मांडलं. पुढे त्यावर अभ्यासकांनी कडक टीका केली आणि ती रास्त आहे, कारण या आकड्यावरून दुखापतीचं भविष्य सांगता येत नाही. पण माझ्यासारख्या हौशी माणसाला एवढं कळायला ते पुरतं की 50 वरून 60 वर जाणं वेगळं आणि शून्यावरून 60 वर जाणं वेगळं. कागदावर दोन्ही 60च. खंडानंतर वेळापत्रक जिथे पोचलं असेल तिथे उडी मारायची नाही. आपण जिथे थांबलो होतो त्याच्या मागून सुरू करायचं. आठवडा गेला तर आधीच्या भाराच्या निम्म्यापासून. बुडालेले किलोमीटर पुढच्या आठवड्यात भरून काढणं हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि चेन्नईत डिसेंबरच्या पावसानंतर निम्मं गाव तेच करत असतं.

आणि तिसरी गोष्ट, जी मला आधी कुणी इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितली असती तर बरं झालं असतं: घड्याळ हृदयाचं ऐकतं, हाडाचं नाही. हृदय आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांत सुधारतं. हाडाची चाल निराळी. भार वाढला की ते आधी जुना भाग पोखरतं आणि मग नवा भरतं. हा फेरा पुरा व्हायला तीन-चार महिने लागतात, आणि पोखरलेलं भरून यायच्या आत आणखी भार पडला तर तिथेच तडा. तासाभराच्या सावकाश धावेत दहा हजारांच्या आसपास पावलं पडतात, आणि प्रत्येक पावलाला जमिनीकडून देहाच्या वजनाच्या दोन-अडीच पट धक्का. नडगीला ती पावलं मेमध्ये जेवढी, डिसेंबरातही तेवढीच. थंडीत वेग वाढला तर धक्का उलट मोठा. म्हणजे नाडी खाली येते त्याच महिन्यात हाडावरचं ओझं वाढतं, आणि आपण मात्र नाडीकडे बघून खूश.

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन ज्यांनी केली आहे त्यांना हे पायांनी ठाऊक आहे. यवतेश्वरचा घाट चढताना नाडी कानात वाजते, उतरताना ती निवांत होते. पण दुसऱ्या दिवशी शौचाला बसताना ज्या मांड्या रडवतात त्या उतरताना फोडलेल्या असतात. नाडीवरून मोजलेल्या भारात उतार जवळजवळ फुकट जातो.

या सगळ्यानंतर मी घड्याळ फेकून दिलं नाही. त्याला एकच अधिकार ठेवला, नकार देण्याचा. सकाळची नाडी नेहमीपेक्षा पाच-सात ठोक्यांनी वर आहे आणि दोन-तीन दिवस वरच आहे, तर मी मुकाट्याने सराव हलका करते. एचआरव्हीची (दोन ठोक्यांमधल्या अंतरातल्या चढउताराची) सात दिवसांची सरासरी घसरत चालली आहे, तरीही तेच. एका दिवसाच्या एचआरव्हीला मात्र किंमत देऊ नये. रात्री वीज गेली, उकडलं, लग्नाचं जेवण जड झालं, इतक्याने तो आकडा कोसळतो. पण घड्याळ 'सज्ज' म्हणालं म्हणून मी काहीही वाढवत नाही. 'लोड कमी आहे' ही सूचना तर मी सेटिंगमध्ये जाऊन बंदच केली.

वाढवायचं की नाही ते ठरतं वहीत. कार्ल फॉस्टर यांची पद्धत जुनी आणि विनाखर्चाची आहे: धाव संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारायचं, 0 ते 10 मध्ये किती कठीण गेलं? त्याला मिनिटांनी गुणायचं. 60 मिनिटं, कठीणपणा 4, भार 240. उकाड्यात तीच धाव 6 वाटली तर 360. इथे हवामानाची दुरुस्ती आपोआप होते, कारण उत्तर देणारा देहच ती सोसून आलेला असतो. याच वहीत मी धावण्याबाहेरचंही लिहिते: घर बदललं, पाहुणे होते, रात्रपाळी. त्या दिवशी धाव शून्य असली तरी रकाना कोरा ठेवत नाही. झोप कशी लागली आणि धावायची इच्छा होती का, हेही दोन शब्दांत. अशा विचारपूस-नोंदींना हसणाऱ्यांनी ॲना सॉ आणि सहकाऱ्यांचा 2016 चा आढावा वाचावा. खेळाडूंनी स्वतः सांगितलेलं बरं-वाईट हे रक्तचाचण्या आणि नाडीच्या मापांपेक्षा सरावाचा ताण अधिक नेमकेपणाने दाखवतं, असंच त्यात आढळलं.

आणि अंगठा. रोज सकाळी पलंगावरून उतरण्याआधी दोन्ही नडग्यांच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत न्यायचा. लांबलचक पट्टा दुखत असेल तर सराव कमी करून काही दिवस बघता येतं. पण अंगठ्याखाली मावेल एवढीच जागा, हाडावर, ठणकत असेल, एका पायावर उडी मारताना कळ येत असेल, किंवा रात्री पडल्या पडल्या दुखत असेल, तर धावणं त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांकडे. एक्स-रे चांगला आला म्हणून हायसं वाटून घेऊ नका. सुरुवातीच्या आठवड्यांत तो बहुधा चांगलाच येतो.

बायकांसाठी एक वेगळा रकाना हवा, आणि त्याविषयी धावण्याच्या ग्रुपमध्ये बोललं जात नाही म्हणून इथे लिहिते. पाळी लांबली किंवा बंद झाली तर 'सराव जोरात चाललाय ना, म्हणून' असं म्हणून सोडून देऊ नका. शरीराला खर्चाच्या मानाने खाणं कमी पडतंय, त्याने हाडांकडचा हात आखडता घेतलाय, असा त्याचा अर्थ असू शकतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये यावर स्वतंत्र निवेदन काढलं. पुरुष खेळाडूही यातून सुटत नाहीत. माझ्या डॉक्टरीणबाईंनी नडगी बघायच्या आधी पाळीबद्दल विचारलं, मग पहाटे धावायला जाताना काय खाऊन जाता ते. मी उपाशीपोटी फिल्टर कॉफीवर जात होते. आता निघताना एक केळं आणि परतल्यावर तासाच्या आत पोंगल, इडली, काहीतरी पोटभर. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्व वर्षातून एकदा तपासून घेते. बारा महिने ऊन असलेल्या गावात ड जीवनसत्त्व कमी निघालं याचं मला नवल वाटलं होतं; पण पहाटे अंधारात धावून दिवसभर एसीत बसणाऱ्याला ऊन मिळतं कधी?

दुखापतीनंतर पुन्हा धावायला लागताना घड्याळ घरी ठेवा. आधी अर्धा तास भरभर चालणं विनादुखण्याचं झालं पाहिजे, तेही सलग आठवडाभर. मग चार मिनिटं चालणं, एक मिनिट धावणं, असं पाच-सहा वेळा, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी अंगठ्याला काही लागलं नाही तर धावण्याचं मिनिट वाढवायचं, लागलं तर मागच्या पायरीवर. मरीनावर गांधीजींच्या पुतळ्यापासून दीपगृहापर्यंत सपाट फुटपाथ आहे, तो बरा. वाळूत जायचा मोह टाळा. ती मऊ असली तरी पोटरी आणि घोटा तिच्यात जास्त राबतात. वेग बघायचा नाही, आणि मॅरेथॉनची नावनोंदणी निदान पुढच्या वर्षीपर्यंत करायची नाही.