शेवटची ओळ कुठे गेली?

मुलांनो, निकालाचा तक्ता तुम्ही वहीत पट्टीने आखता. संगणकावर जावा भाषेत सूचना लिहून तोच तक्ता पीडीएफच्या पानावर आखता येतो. पानाला तक्ता ठाऊक नसतो. त्यावर रेषा आणि अक्षरे मोजून बसवावी लागतात. मापाचे नाव पॉइंट. एका इंचात ७२. हा किचकट हिशेब 'आयटेक्स्ट' नावाचा तयार संच करतो. तो २००० साली प्रथम आला.

त्याच्या पाचव्या आवृत्तीत आधी रकाने किती ते सांगायचे, मग एकेक चौकट भरत जायचे. तीन रकाने असतील, तर तीन चौकटी भरल्या की ओळ आपोआप पुरी होते.

मी वर्गाचा निकाल असाच तयार केला : हजेरी क्रमांक, नाव, गुण. यादीतली शेवटची मुलगी परीक्षेला गैरहजर होती. गुण नाहीत, म्हणून मी दोनच चौकटी भरल्या. निकाल फलकावर लागला. ती बिचारी आपले नाव शोधत राहिली, पण नाव नव्हतेच! अपुरी राहिलेली शेवटची ओळ हा संच मुकाट्याने गाळतो, चूकही दाखवत नाही. ती यादीच्या मध्ये असती तर? पुढच्या मुलाचा हजेरी क्रमांक तिचे गुण म्हणून छापला गेला असता!

तिच्या तिसऱ्या चौकटीत मी 'गैरहजर' लिहिले आणि तक्ता पुन्हा छापला.

उर्दू तक्त्यासाठी मात्र उजवीकडून डावीकडे अशी दिशा सांगावी लागते. मग पहिला रकाना उजवीकडे येतो, तुमच्या उर्दूच्या वहीत येतो तसाच.