नवी आवृत्ति भरल्यावर बिघडलेला फोन

नवें बियाणें निघालें म्हणून सगळें रान एकदम त्याखालीं कोणी घालीत नाहीं. फोनाच्या 'अपडेट'ची गोष्ट तीच. ता. २४ सप्टेंबर २०१४ रोजीं ॲपल कंपनीनें ८.०.१ ही आवृत्ति काढली, तों आयफोन ६ व ६ प्लस यांपैकीं कित्येकांचें नेटवर्क व बोटाची ओळख दोन्ही बंद पडलीं. कंपनीनें ती सुमारें तासाभरांत मागें घेतली व दुसऱ्याच दिवशीं ८.०.२ दिली. चार दिवस थांबलेल्यांस कांहींच सोसावें लागलें नाहीं. ई-पीक पाहणीची मुदत जवळ असतां तर अपडेट करूंच नये, असें आमचें मत आहे.

केल्यानंतर एकदोन दिवस फोन तापला, बॅटरी लौकर उतरली, तर घाबरूं नये. आंत मांडामांड चालू असते. पुढेंही खोड राहिल्यास फोन बंद करून सुरू करावा. अँड्रॉइड असेल तर 'सेफ मोड'मध्यें चालवून पाहावा. त्यांत आपण मागाहून घातलेलीं ॲप्स निजलेलीं असतात. तेथें तो नीट चालला, तर दोष बहुधा एखाद्या ॲपचा; अलीकडे घातलेलें आधीं काढावें.

'फॅक्टरी रीसेट' अगदीं शेवटीं. त्यानें जुनी आवृत्ति परत येत नाहीं; फोनांत सांठविलेले सातबाऱ्याचे व पिकाचे फोटो मात्र पुसले जातात. करणेंच भाग पडल्यास ते प्रथम संगणकावर उतरून घ्यावे, आणि गूगल खात्याचा पासवर्ड आठवतो ना, हें पाहावें. बटणें दाबून रीसेट केलेला फोन पुढें बहुधा तोच मागतो.