नाडी कुणासाठी मोजायची?

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला टी.पी.आर. घ्यायला शिकवतात. म्हणजे ताप, नाडी आणि श्वास. ते रुग्णाला बरे करण्यासाठी घ्यायचे असते. पण हीच नाडी छळ चालू ठेवण्यासाठीही मोजली गेली आहे. वाचकहो, हे कसे घडते ते या पाठात समजून घेऊ.

अमेरिकेने जानेवारी २००२ मध्ये क्यूबातील आपल्या ग्वांतानामो नाविक तळावर तुरुंग उघडला. दहशतवादाच्या संशयावरून पकडलेली माणसे तिथे वर्षानुवर्षे खटल्याशिवाय ठेवली. त्यांतल्या मोहम्मद अल-काहतानी या सौदी कैद्याची चौकशी नोव्हेंबर २००२ पासून जानेवारी २००३ पर्यंत चालली. लष्कराने लिहिलेली तिची रोजची नोंद २००५ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने उघड केली. दिवसाचे १८ ते २० तास चौकशी, झोप जवळजवळ नाही, वर थंडी. अधूनमधून लष्कराचे वैद्यकीय कर्मचारी येत, बी.पी. आणि नाडी बघत, सलाईन लावत. एकदा नाडी मिनिटाला ३५ वर उतरली. मोठ्या माणसाची ती साधारण ६० ते १०० असते. त्याला इस्पितळात नेले, तपासले, देखरेखीखाली ठेवले आणि पुन्हा चौकशीला बसवले. लष्करी खटल्यांच्या प्रमुख अधिकारी सुझन क्रॉफर्ड यांनी २००९ मध्ये हा छळच होता, असे मान्य केले.

इथे कुणी म्हणेल, डॉक्टर होते म्हणून तर तो जगला! आजारी कैद्यावर उपचार केलेच पाहिजेत, त्यात वाद नाही. पण ‘आता ठीक आहे, चालू द्या’ असे सांगण्यासाठी नाडी बघितली, की ती तपासणी छळाचा भाग होते. उपचार करणाऱ्याने छळ थांबवायला सांगायचे असते आणि वर कळवायचे असते.

हा नियम जुना आहे. जागतिक वैद्यकीय संघटनेने १९७५ च्या टोकियो जाहीरनाम्यात सांगितले, की डॉक्टरने छळात भाग घेऊ नये, त्यासाठी साधने किंवा ज्ञान देऊ नये आणि तिथे हजरही राहू नये. संयुक्त राष्ट्रांनी १९८२ मध्ये सर्व आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी तत्त्वे ठरवली. कैद्याच्या तब्येतीला अपाय होईल अशा चौकशीला मदत करणे, किंवा अशा वागणुकीसाठी तो ‘फिट’ आहे असे लिहून देणे, दोन्ही चूक. म्हणजे आम्हा नर्सनाही ते लागू आहे.

‘वरून ऑर्डर होती’ हे कारण चालते का? ग्वांतानामोत उपोषणाला बसलेल्या कैद्यांना नाकातून नळी घालून जबरदस्तीने अन्न देत. २०१४ मध्ये नौदलातल्या एका नर्सने हे काम पुढे करायला नकार दिला. नोकरी जाण्याची वेळ आली. अमेरिकेतील नर्सेसची संघटना पाठीशी उभी राहिली आणि २०१५ मध्ये नौदलाने बडतर्फीचा विचार सोडला. एकट्याला नकार देणे जड जाते, म्हणून संघटना हवी.

ग्वांतानामो दूर आहे. पण पोलीस कोठडीतल्या माणसाला तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात आणतात, तेव्हा तिथल्या डॉक्टर-नर्ससमोर हाच प्रश्न असतो. म्हणून प्रत्येक घराने एवढे माहीत करून घ्यावे:

• अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. अंगावरच्या जखमा आणि खुणा अहवालात लिहायच्या असतात. (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ५३)
• अहवालाची प्रत अटक झालेल्या व्यक्तीला किंवा तिने सांगितलेल्या माणसाला मिळते. ती मागून घ्या, जपून ठेवा.
• स्त्रीची तपासणी महिला डॉक्टरने किंवा महिला डॉक्टरच्या देखरेखीखाली व्हावी.
• कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी तपासणी करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू निकालात सांगितले आहे.
• डॉक्टरांना दुखणे स्वतःच्या तोंडाने सांगा: कुठे, कधी, कशाने.

आपल्या वस्तीतल्या मुली आज नर्सिंगला जात आहेत. त्यांनाही हा पाठ वाचायला द्या.