पसारा मोजता येतो का?

वीज गेली, की काळोखातही आईचा हात फडताळातल्या काडेपेटीवर नेमका पडतो. तुमचा मात्र दोन भांडी पाडल्याशिवाय तिथे पोचत नाही! ‘तिला सवय आहे,’ असे आपण म्हणतो. पण सवय लागायला वस्तू एकाच जागी राहावी लागते. आणि ते किती अवघड आहे, हे साध्या गुणाकाराने कळते.

स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा पुढ्यात घ्या. समजा, त्यात मोहरी, जिरे, हळद, तिखट, हिंग, मेथी आणि धनेपूड अशा सात वाट्या आहेत. पहिल्या वाटीसाठी सात जागा मोकळ्या असतात. ती बसली की दुसरीसाठी सहा उरतात, तिसरीसाठी पाच. म्हणून एकूण मांडण्या ७×६×५×४×३×२×१, म्हणजेच ५०४०. आईच्या हाताला ओळखीची मांडणी यांपैकी एकच. वाट्या घासून कोणी मनाला येईल तशा ठेवल्या, तर ती जमण्याची शक्यता ५०४० मध्ये एक! (डबा गोल असून एक वाटी मधोमध असेल, तर डबा नुसता फिरवून जुळणाऱ्या मांडण्या एकच धराव्या लागतील. मग उत्तर ८४० येते. ते कसे, हे कागदावर करून पाहा.)

आता एक वाटी काढून टाका. सहा वाट्यांच्या सहा जागांतील मांडण्या फक्त ७२०. वस्तू एकच कमी झाली, पण घोळ होण्याचे प्रकार एकसप्तमांश झाले. उलट दहा वस्तू असतील तर ते ३६,२८,८०० होतात. न लागणारी एखादी वस्तू घरात ठेवून घेताना ‘एकीने काय होते?’ असे आपण म्हणतो, तेव्हा हा गुणाकार आपल्या ध्यानात नसतो.

वस्तू टाकवत नसतील तर त्यांचे गट पाडा. आठ वस्तू एकाच खणात असतील तर मांडण्या ४०,३२०. मध्ये फळी घालून चार-चार वस्तूंचे दोन कप्पे केले आणि वस्तूंनी आपापला कप्पा सोडला नाही, तर २४×२४, म्हणजे ५७६.

मांडण्या मोजण्याची हीच युक्ती ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ लुडविग बोल्ट्समान (१८४४–१९०६) यांनी वायूच्या रेणूंना लावली. मांडण्यांची संख्या आणि एन्ट्रॉपी यांचा संबंध सांगणारे सूत्र व्हिएन्नातील त्यांच्या समाधीवर कोरलेले आहे. मात्र एक फरक विसरू नका. रेणू आपण होऊन सतत धावत असतात. कात्री आपण होऊन खणातून उठत नाही. ती कोणीतरी उचलते आणि परत ठेवत नाही. तेव्हा घरातल्या पसाऱ्याचे खापर निसर्गनियमावर फोडणे बरोबर नाही. ती परत जागेवर ठेवण्याचे काम पुष्कळ घरांत एकाच व्यक्तीच्या वाट्याला येते, हेही पाहण्यासारखे आहे.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग आहे. वीस वस्तूंची नावे वीस चिठ्ठ्यांवर लिहा, घड्या घालून एका खोक्यात टाका आणि एकेक उघडून ‘कात्री’ शोधा. उघडलेली चिठ्ठी बाजूला ठेवायची. पुष्कळ वेळा खेळल्यावर दर खेळात सरासरी साडेदहा चिठ्ठ्या उघडाव्या लागतात, असे दिसेल. मग त्याच चिठ्ठ्या शिवण, औषधे, लेखन, हत्यारे अशा चार डब्यांत पाच-पाच वाटा. आता सरासरी तीन चिठ्ठ्या पुरतात. फक्त एकाही डब्यावर ‘किरकोळ’ असे लिहू नका. चार दिवसांत सगळ्या चिठ्ठ्या त्याच डब्यात जमतील!